दोन सूर्योदयांची एकादशी

हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मंगळवार
दि. २५ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव शिवशंकर,

वडिलांचे आशीर्वाद. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. तुझ्या आईची साखर गेला पंधरवडा स्थिर असून वसमतच्या डॉक्टरांनी सकाळच्या इंजेक्शनची मात्रा थोडी उतरवली आहे. तुरीला शेंगा धरल्या आहेत. हळदीची पाने अजून हिरवी आहेत. कार्तिकात एकदा औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आलो. आई वाटेत दोनदा बसली, परंतु दर्शन झाले.

शनिवारी तुझा फोन आला. "शुक्रवारी वकिलाकडे सही करतो, बाबा. निलम आणि मी वेगळं राहायचं ठरलंय. आता कुणी मधे पडू नका," असे तू म्हणालास आणि मी "बरे" म्हणून फोन ठेवला. त्या "बरे"मुळे मला हे पत्र लिहावे लागत आहे. टपालाने ते तुझ्या हाती पडायला तीन आठवडे लागतील, आणि मधे फक्त दोन दिवस आहेत. म्हणून उद्या शाळा सुटल्यावर शिवकन्या वसमतहून येईल, पानांची छायाचित्रे काढील आणि तुला पाठवील. म्हणजे तुझी बहीणही हे वाचणार. वाचू दे.

लिहिण्याचे काय ते थोडकेच आहे. परंतु ते थोडके माझ्या लेखणीवर येत नाही, म्हणून प्रवासापासून आरंभ करतो.

गेल्या ज्येष्ठात कॅलगरीहून निघालो तेव्हा पुढे तू आणि निलम, मागे आम्ही दोघे. तीन महिने तुमच्या घरी राहून व्हँकुव्हरहून आमचे विमान होते, आणि "आई-बाबांना डोंगर दाखवत नेऊ" ही कल्पना निलमची होती, हे मला आठवते. सपाट माळ संपून पर्वतांची रांग समोर आली तेव्हा आई काचेशी सरकून बसली. मग तुला विचारले,

"शिवा, हे डोंगर कोणाच्या मालकीचे रं?"

"सरकारच्या, आई."

"मंग सातबारा केवढा लांब आसंल!"

निलम इतकी हसली की तिला गाडी कडेला घ्यावी लागली. त्या हिरव्यानिळ्या तळ्यापाशी आईने पुन्हा विचारले, "ह्यात कोणी नीळ कालवली व्हय?" आणि निलम म्हणाली, "आई, तुमचंच लुगडं बुडवून काढू का, रंग येतो का बघू." सासू-सुना हात धरून पाण्याच्या कडेला गेल्या. मी मागे उभा राहून स्तोत्र म्हणत होतो. हिमालय मी पाहिलेला नाही, ग्रंथांतून मात्र आयुष्यभर वाचला. त्या दिवशी बर्फाची शिखरे पाहून मला वाटले की वाचलेले सर्व खरे होते, आणि ते खरे असल्याचा मान जणू माझाच आहे. तो अहंकार तेव्हा ओळखू आला नाही.

तळ्यावरून परत गाडीत बसताना निलमने फोनमध्ये पाहून सांगितले, "बाबा, इथल्या हिशोबाने उद्याचा सूर्योदय एकादशीचा आहे. तुम्ही उपास करा, पण आईंना नको. त्यांचं इन्सुलिन चालू आहे."

तू आरशातून माझ्याकडे पाहिलेस. "आई उपास करणार नाही. ठरलं ना, बाबा?"

मी मान हलवली. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की मी शब्द दिला नव्हता, मान तर वाऱ्यानेही हलते. आयुष्यभर शब्दांचा अर्थ लावण्याचे काम केले, त्याचा उपयोग मी असा केला.

ती ज्येष्ठातली निर्जळी एकादशी होती. तिथी कोणत्या सूर्योदयाने धरावी, याविषयी शास्त्रात संशय नाही. मनुष्य ज्या भूमीवर उभा आहे, तेथला सूर्य त्याचा सूर्य. निलम बोलली ते अक्षरशः बरोबर होते. मलाही ते ठाऊक होते. पण ते तिच्या तोंडून यावे, हे मला सोसले नाही. तिच्या वडिलांच्या तांड्यावर तुमचे लग्न झाले, तेव्हा पंक्तीला बसायची वेळ आली आणि मी "आज माझी एकादशी" म्हणून उठलो होतो. त्या दिवशी दशमी होती, शिवशंकर. मांडवात ते एकट्या निलमला कळले असावे, कारण तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दशमीला पाणी तर चालतं ना, बाबा?" ते वाक्य मी सात वर्षे मनात बाळगले. आता तीच मला तिथी सांगत होती.

म्हणून मी निवाडा असा केला की ज्या मातीत देह वाढला, त्या मातीचा सूर्योदयही मानावा. घड्याळ लावून पाहिले. हट्ट्यात सूर्य उगवतो तेव्हा तेथे संध्याकाळचे सव्वासहा वाजतात. म्हणजे त्या संध्याकाळपासून आपल्या गावची एकादशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तेथली. दोन्ही पाळायच्या, आणि पारणे तिसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर. छत्तीस तास अन्न नाही, पाणी नाही. असा नियम कोणत्याही ग्रंथात नाही. तो मी मोटारीच्या मागच्या आसनावर निर्माण केला आणि तुझ्या आईच्या कानात सांगितला.

आई म्हणाली, "आन सुई?"

मी म्हणालो, "औषधाने व्रत मोडत नाही."

हे वचन मी चाळीस वर्षे प्रवचनांतून सांगत आलो. आजाऱ्याला व्रतातून सूट आहे, हेही त्याच पानावर आहे. ते मी तिला सांगितले नाही. छपन्न वर्षांत मी सांगितलेल्या तिथीविषयी तिने कधी विचारलेले नाही.

गोल्डन नावाच्या त्या गावी मुक्काम केला. "दुपारचे जेवण अंगावर आले आहे, आम्ही लवकर झोपतो," असे मी तुम्हाला दारातून सांगितले. सकाळी तू सामान गाडीत ठेवत होतास. निलम इंजेक्शन घेऊन आमच्या खोलीपाशी आली. तुला ठाऊक असेल की आईच्या पुढे ताट आहे हे पाहिल्यावाचून ती एक दिवसही सुई देत नसे. त्या सकाळी तिला ताट दिसले नाही. तिने विचारले,

"आई, काय खाल्लं?"

आईने माझ्याकडे पाहिले. उत्तर मी दिले. "आताच झाले तिचे. दूध घेतले, केळी खाल्ली. दे इंजेक्शन."

"नक्की ना, बाबा? आता दोन तास मधे काही मिळणार नाही."

"मी खोटे बोलेन का?"

पाहा, असे मी विचारले. निलमने सुई दिली. दोन्ही केळी माझ्या पिशवीत, पंचांगाच्या खाली होती.

येथपर्यंत सकाळी लिहिले. मधे मंदिराची मंडळी येऊन गेली. सोमवारच्या एकादशीला मी प्रवचनाला बसावे असा त्यांचा आग्रह आहे. "गुरुजी, चातुर्मासात तुम्ही बसला न्हाईत, आता तरी बसा," म्हणाले. मी होकार दिला. त्याविषयी शेवटी लिहितो.

पुढचे तू पाहिलेस, पण सर्व पाहिले नाहीस. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, मधे काँक्रीटचे बोगदे, फोनला संपर्क नाही. निलम गाडी चालवत होती. आईला घाम फुटला. ती "शेळी सोडा, शेळी सोडा" असे काहीतरी बरळू लागली आणि तुला ते विनोदी वाटले. "आई, इथं कुठली शेळी!" म्हणून तू हसलास. मग तिचे डोके माझ्या खांद्यावर पडले. निलमने गाडी थांबवली. पुढे वळणावर रस्तादुरुस्तीचे लोक होते, त्यांच्यापाशी बिनतारी यंत्र असेल म्हणून तू तिकडे धावलास. तू गेल्यावर निलम मागच्या दाराने आत आली, आईचे डोळे उघडून पाहिले आणि मला विचारले, "बाबा, आई उपाशी आहेत?"

मी उत्तर दिले नाही. तिला ते पुरले. तिने आईच्या तोंडात गोड घातले, गाल चोळत राहिली, नावाने हाका मारत राहिली. रुग्णवाहिका येईपर्यंत आईचा श्वास निलमने सांभाळला. डॉक्टर नंतर तुला म्हणाले की तोंडात साखर वेळेवर गेली नसती तर पुढचे सांगता आले नसते. तू ते मला मराठीत सांगितलेस, आणि त्याच दमात डॉक्टरांचा प्रश्नही विचारलास, "बाबा, आईनं शेवटचं कधी खाल्लं?"

मी म्हणालो, "सकाळी. थोडे."

ते दोन शब्द म्हणजेच शुक्रवारचा तुझा कागद आहे.

कारण सकाळी खाल्ले असेल तर दोष एकाच ठिकाणी उरतो. तू निलमकडे वळलास. "डोस किती दिलास?" तिने सांगितले. "मग असं कसं झालं? नर्स आहेस ना तू?" निलमने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही, आपण दारात उभ्या माणसाला "आत या" म्हणतो तितकाच वेळ. म्हणाली, "बाबांना विचार."

"बाबांना काय विचारू? सुई तू दिलीस!"

मी जपमाळ काढली.

मग तू ते वाक्य बोललास, "तुला माझी आई नकोच होती," आणि निलमने गाडीची किल्ली तुझ्या हातावर ठेवली. दुपारच्या बसने ती कॅलगरीला परतली. जाण्यापूर्वी आईच्या खाटेपाशी आली, तिचे पाय चादरीत गुंडाळले आणि परिचारिकेला इंग्रजीत काही सूचना दिल्या. आई शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून सांगितले, "काही बोलू नकोस." तिने ऐकले.

तिथून पुढचा प्रवास आपण तिघांनी केला. निलमच्या जागेवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. व्हँकुव्हरला समुद्र, उंच काचेच्या इमारती, तू नेलेस ते मंदिर, सर्व मी पाहिले आणि मला त्यातले काही आठवत नाही. विमानतळावर तू आईला मिठी मारून रडलास, "माझ्यामुळे तुला हे झालं." तेव्हाही मी तेथेच उभा होतो.

गावात आल्यावर मी गप्प राहिलो असतो तरी एक वेळ क्षम्य होते. लोक विचारत, "बाईंना परदेशात काय झालं होतं?" मी म्हणे, "देवाने तारले. तिकडे सुया देतात, प्रमाण चुकते." कोणाचे नाव घेत नसे. नाव न घेता दोष कसा पोचवावा, हे मला चांगले येते. तो दोष कळमनुरीकडे, निलमच्या माहेरच्या तांड्यापर्यंत पोचला.

परवा, रविवारी दुपारी, निलमचे वडील रूपसिंग आले. मोटारसायकल बाहेर लावली, चपला पायरीपाशी काढल्या. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"गुरुजी, मी भांडायला आलो न्हाई," म्हणाले. "आमच्या तांड्यावर बाया बोलून राहिल्या, रूपसिंगच्या लेकीनं सासूला मारायला सुई टोचली. लेकीला फोनवर विचारलं, तर ती म्हणते, 'गुरुजींना विचारा.' दुसरं काहीच सांगत न्हाई. म्हणून विचारायला आलो. टोचली व्हय?"

मी म्हणालो, "असे कोणी म्हणत असेल तर ते अज्ञान आहे. चूक कोणाकडूनही—"

आतून भांडे आपटल्याचा आवाज आला. तुझी आई दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होते.

"न्हाई टोचली," ती म्हणाली. "मी उपाशी व्हते. आदल्या दिसाच्या दुपारपासून. ह्यांनी सांगितलं खाल्लं म्हणून, पोरीनं इश्वास ठेवला. आता बस्स झालं. माझ्या जिवाची तकलीफ मला सोसली, तिच्या नावाची न्हाई सोसत."

मला वाटले, रूपसिंग ओरडतील. मी त्याची वाट पाहत होतो, कारण ते ओरडले असते तर मला रागावता आले असते. ते इतकेच म्हणाले, "हे तुमीच तुमच्या पोराला सांगा. मी सांगितलं तर म्हणंल, बाप लेकीची बाजू घेऊन राहिला." आईने जेवायला थांबण्याचा आग्रह केला. रूपसिंगांनी हात जोडले. "आज न्हाई, ताई. भूक न्हाई." दशमीही नव्हती, एकादशीही नव्हती. त्यांनी कारण खरे सांगितले.

ते गेल्यावर मी आईला म्हणालो, "परक्यापुढे बोललीस."

"परकं कोण?" ती म्हणाली. "सून परकी, व्याही परका, मी पण परकीच व्हते त्या गाडीत. तुमचं कोण हाय मंग? पंचांग?"

शिवशंकर, शुक्रवारी सही करायची की नाही, हे मी सांगणार नाही. तो अधिकार मी गमावला आहे. ती सही तू ज्या गोष्टीवर उभा राहून करणार आहेस ती गोष्ट घडलीच नव्हती, एवढे तुला ठाऊक असावे. सहीपूर्वी हे पत्र निलमला वाचायला दे. तू समजावून सांगू नकोस, तिचे तिला वाचू दे. एखादी ओळ खरी नाही असे ती म्हणाली, तर तिचे खरे धर.

उद्या सकाळच्या गाडीने मी तांड्यावर जात आहे. ज्या बायकांत ते बोलणे चालते, त्यांच्यासमोर सांगेन. सोमवारी मंदिरात प्रवचनाला बसेन आणि हेच सांगेन. त्यानंतर मंडळींनी पुन्हा बोलावले नाही, तर ते योग्यच होईल.

तुझा,
रामकिशन

ता. क. पत्र पुरे झाले म्हणून मी ते तुझ्या आईला वाचून दाखवले. तिने शेंगा सोलत सर्व ऐकले. शेवटी म्हणाली, "एवढंच? डब्याचं न्हाई लिहिलं."

मी विचारले, "कोणत्या डब्याचे?"

"मला दिसत व्हतं," ती म्हणाली. "बोलता येत नव्हतं. दिसत व्हतं."

वर मी लिहिले आहे की निलमने तिच्या तोंडात गोड घातले. ते गोड कोठून आले, हे मी टाळले. गाडीत खाण्याची पेटी मागे सामानाखाली होती. माझ्या मांडीवर पितळी डबा होता, त्यात इथून नेलेला गूळ, पारण्याच्या नैवेद्यासाठी. निलमने हात पुढे केला, "बाबा, गूळ द्या." मी डबा दोन्ही हातांनी धरला. माझ्या तोंडून शब्द आले, "अजून देवाला दाखवलेला नाही." ती पुन्हा म्हणाली, "द्या!" मी सोडला नाही. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. आई म्हणते, निलम माझी बोटे एकेक करून उघडत होती, ते तिने पाहिले.

सहा महिने तुझ्या आईने हे मला विचारले नाही, कोणाला सांगितले नाही. आजही विचारले नाही, फक्त लिहायला सांगितले. मी तिला म्हणालो, "हे वाचून पोरगा माझे तोंड पाहणार नाही." ती म्हणाली, "न्हाई पाहिलं तर न्हाई. पोरीचं तरी पाहील." आणि सोललेल्या दाण्यांचे सूप घेऊन आत गेली.

निलमला माझा नमस्कार सांग. मी वयाने मोठा आहे, सासरा आहे, तरी जाणून नमस्कार लिहिला आहे. सांगताना तो आशीर्वाद असा दुरुस्त करू नकोस.

रामकिशन